ताणाचा हिशोब : हार्मोनिक फलने, फॉर्म आणि मॅप यांच्या पुस्तकाची प्रस्तावना

लखनौच्या कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्यात, आज संगीताचं विद्यापीठ आहे. त्याची सुरुवात १९२६ साली ‘मॅरिस कॉलेज’ या नावाने झाली. मुंबईत वकिली केलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे हे त्याचे कर्ते, आणि त्यांना साथ होती राय उमानाथ बली यांची. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ती संस्था अनेक वर्षं सांभाळली. तिथे तबला शिकवायला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते. गणिताच्या पुस्तकाची प्रस्तावना गाण्याच्या शाळेपासून सुरू झाली म्हणून वाचकाने बिचकू नये. या पुस्तकातलं निम्मं गणित तबल्याच्या पुडीवर मांडून दाखवता येतं, आणि उरलेलं निम्मं पुडीवर का मावत नाही हाच पुस्तकाचा खरा विषय आहे.

सगळीकडे सारख्या जाडीचं कातडं गोल तोंडावर ताणून वाजवलं, तर त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे १.५९, २.१४, २.३० अशा आडमुठ्या पटींत निघतात. डफ तानपुऱ्याशी जुळवायला कोणी बसत नाही, ते म्हणूनच. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचे थर चढले की कातड्याचं वजन मध्यात वाढतं आणि त्या पटी दोन, तीन, चार अशा पूर्णांकांच्या अगदी जवळ सरकतात. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये भारतीय तालवाद्यांचा हा गुण जगापुढे ठेवला. शाई भरणारे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून थर लावत, घोटत, कानाने तपासत हेच समीकरण सोडवत आले होते. त्यांना कोणी डॉक्टरेट दिली नाही, ही वेगळी गोष्ट.

पण वाजणारी पुडी हा पुढचा अध्याय. आधी न वाजणारी पुडी पाहू. समजा तबल्याचा काठ सपाट नाही, किंचित वरखाली होत जाणारा आहे, आणि त्यावर पातळ पडदा सगळीकडून सारखा ताणलेला आहे. तो पडदा जो आकार घेऊन स्थिरावतो, त्यात प्रत्येक बिंदूची उंची ही त्याच्या भोवतालच्या छोट्या वर्तुळावरच्या उंचींची सरासरी असते. अशा फलनाला हार्मोनिक म्हणतात. सरासरीच्या या एका अटीतून बरंच काही निघतं. पडद्याच्या आतल्या भागात कुठेही टेकाड येऊ शकत नाही, खड्डाही नाही, कारण टेकाडाचा माथा भोवतालच्या सरासरीपेक्षा वर असणारच. सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागा काठावरच सापडतात. काठ माहीत असला की आतलं सगळं ठरतं, त्यात निवडीला वाव नाही. आणि काठ कितीही ओबडधोबड असो, आतला पृष्ठभाग हवा तितक्या वेळा विकलन करता येईल इतका गुळगुळीत निघतो.

पडद्याच्या जागी पितळेचा पत्रा घ्या, कडांचं तापमान ठरवून द्या आणि पुरेसा वेळ थांबा. शेवटी पत्र्यावर जे तापमान स्थिरावतं, तेही हार्मोनिक. पोकळीतलं गुरुत्वीय आणि विद्युत विभव यांचंही तेच. लाप्लासचं समीकरण जिथे तिथे भेटतं ते यामुळे: ताण वाटून घेता येईल तितका घेतला गेला आहे आणि आणखी कमी करायला जागा नाही, ही स्थिती ते सांगतं. उष्णतेचं समीकरण हा तिथे पोचण्याचा रस्ता, हार्मोनिक फलन हा त्या रस्त्याचा शेवट. हे नातं वाचकाने आत्ताच मनात पक्कं करावं, कारण पुढे पृष्ठभाग वाकडे होतील, फलनांची जागा फॉर्म आणि मॅप घेतील, तरी उष्णता आपल्याबरोबर येणार आहे.

उत्तर भारतात या गणिताचा धागा धरायचा तर गणेश प्रसाद यांच्यापासून धरावा लागतो. बलियात १८७६ साली जन्मलेले गणेश प्रसाद अलाहाबादहून केंब्रिजला आणि तिथून क्लाइन-हिल्बर्टच्या गटिंगेनला गेले. पदार्थाची घडण आणि उष्णतेचे वैश्लेषिक सिद्धांत या विषयावरचा त्यांचा निबंध १९०३ साली गटिंगेनमध्ये छापून आला. परतल्यावर काशीत त्यांनी १९१८ साली बनारस मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन केली. तीच संस्था पुढे ‘भारत गणित परिषद’ झाली, लखनौला आली, आणि १९५० पासून तिचं ‘गणित’ नावाचं नियतकालिक निघतं. गणेश प्रसादांनी १९३० आणि १९३२ साली दोन भागांत जो ग्रंथ छापला तो गोलीय हार्मोनिक आणि बेसेल व लामे यांच्या फलनांवरचा. वर ज्या आडमुठ्या पटी दिल्या, त्या बेसेलच्या फलनांच्या शून्यांवरूनच काढतात.

त्यांचे शिष्य अवधेश नारायण सिंह लखनौ विद्यापीठात आले. मराठी वाचकाला हे नाव बिभूतिभूषण दत्त यांच्यासह लिहिलेल्या हिंदू गणिताच्या इतिहासामुळे माहीत असेल; त्याचे दोन भाग १९३५ आणि १९३८ साली निघाले. पण सिंह यांचं स्वतःचं संशोधन नेमकं उलट टोकाच्या फलनांवर होतं. सलग आहेत पण एकाही बिंदूवर ज्यांना विकलज नाही, ज्यांच्या आलेखाला कुठेच स्पर्शिका काढता येत नाही, अशी फलनं. त्यांची रचना कशी करावी यावर त्यांनी लखनौत दिलेली व्याख्यानं विद्यापीठाने १९३५ साली पुस्तकरूपाने छापली. अमेरिकेतल्या चेल्सी प्रकाशनाने १९५३ साली हॉबसन, हडसन आणि केंप यांच्या छोट्या ग्रंथांबरोबर तेही एका खंडात बांधलं. गुरूंनी लिहिलेला मोठा ग्रंथ सर्वांत सुरळीत फलनांवर, शिष्याने आयुष्य घातलं ते सर्वांत काटेरी फलनांवर. दोन्ही टोकं पुन्हा एकदा भेटतात, ती पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात. तिथवर वाचकाने धीर धरावा.

आता पुडीवरून गोलावर जाऊ. गोलाला काठ नसतो, आणि इथेच पहिला धक्का बसतो. काठ नसलेल्या, बंद, एकसंध पृष्ठभागावर हार्मोनिक फलन शोधायला गेलं तर स्थिर फलनाखेरीज काहीच मिळत नाही. सर्वांत उंच जागा काठावर असायला हवी आणि काठच नाही, म्हणून उंचसखलपणा संपतो. गोलीय हार्मोनिक ज्यांना म्हणतात ती फलनं गोलावर स्वतः हार्मोनिक नाहीत. ती त्रिमितीतल्या हार्मोनिक बहुपदींची गोलावर पडलेली छाप आहेत, गोल वाजवला तर ज्या रूपांत तो कंप पावेल ती रूपं. प्रत्येक घातासाठी ती मोजकीच असतात: पहिल्यासाठी ३, दुसऱ्यासाठी ५, तिसऱ्यासाठी ७.

त्यांचा उपयोग किती रोखठोक आहे हे कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळा दाखवतात. लखनौलाही नवाब नसीरुद्दीन हैदरची ‘तारोंवाली कोठी’ होती आणि रिचर्ड विलकॉक्सच्या देखरेखीखाली तिथे चांगली उपकरणं आली होती. पण वाजिद अली शाहने १८४९ साली ती बंद केली. तिच्या नोंदींपैकी फारसं काही हाती उरलं नाही आणि इमारतीत आज बँक आहे. कुलाब्याचं नशीब बरं. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आल्या. आपले केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली कामाला होते. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाचा ठसा कुलाब्याच्या नोंदवहीत उमटला, आणि आजही त्या वादळाचा जोर ठरवताना जगभरचे अभ्यासक तीच पानं उलटतात. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरल्यावर उपकरणांना तिचा त्रास नको म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं, आणि तिथे ते आजही चालू आहे.

अशा विखुरलेल्या ठिकाणच्या मोजमापांतून सगळ्या पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कसं उभं करायचं, याचं उत्तर गाउसने १८३९ साली दिलं होतं. पृथ्वीबाहेरच्या पोकळीत चुंबकीय विभव हार्मोनिक असतं, म्हणून ते गोलीय हार्मोनिकांची बेरीज म्हणून लिहिता येतं. गाउस चौथ्या घातापर्यंत गेला, म्हणजे २४ गुणक. आज आंतरराष्ट्रीय प्रमाण-प्रतिमान तेराव्या घातापर्यंत जातं, १९५ गुणक, आणि दर पाच वर्षांनी ते नव्याने काढलं जातं. बेरीज बाहेरून आलेल्या आणि आतून आलेल्या अशा दोन भागांत फोडता येते. त्यामुळे गाउसला छातीठोकपणे सांगता आलं की या चुंबकत्वाचा जवळजवळ सगळा उगम पृथ्वीच्या पोटात आहे. जमिनीत एक हातही न खणता.

बंद पृष्ठभागावर फलनं स्थिर होऊन संपली, तरी विषय संपत नाही. फलनाऐवजी एक-फॉर्म घ्यायचा. प्रत्येक बिंदूवर, कोणत्याही दिशेने टाकलेल्या छोट्या पावलाला तो एक संख्या जोडतो. वाटेवरच्या सगळ्या पावलांची बेरीज केली की त्या वाटेचा हिशोब मिळतो. फलनातल्या फरकांतून बनलेल्या फॉर्मचा बंद वाटेवरचा हिशोब नेहमी शून्य, चढलो तेवढे उतरलो. पण टोरसवर, म्हणजे मधे भोक असलेल्या कड्याच्या पृष्ठभागावर, असा फॉर्म सापडतो की प्रत्येक छोट्या भागात तो फरकांतूनच बनलेला दिसतो, आणि भोकाभोवती एक फेरी मारली की शिल्लक मात्र उरते. ही शिल्लक भोकाची साक्ष. आता तशीच शिल्लक देणाऱ्या असंख्य फॉर्ममधून सर्वांत कमी ऊर्जेचा निवडायचा. तो एकच असतो आणि तोच हार्मोनिक. गोलावर असा एकही नाही, टोरसवर परस्परांपासून स्वतंत्र असे दोन, दोन भोकांच्या पृष्ठभागावर चार.

हे विल्यम हॉजचं काम. त्याचा ग्रंथ १९४१ साली आला, सिद्धतेत एक फट होती, ती हेरमान वाइल यांनी १९४३ साली बुजवली आणि जपानमध्ये कोदाइरांनी स्वतंत्र वाटेने तेच साधलं. मला या प्रमेयाचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. पृष्ठभाग कुठे कितीही दाबा, फुगवा, वाकवा. त्यावरचे हार्मोनिक फॉर्म बदलतात, त्यांची संख्या हलत नाही. मोजपट्टी लावल्याशिवाय जे सांगता येत नाही आणि जे मोजपट्टीवर मुळीच अवलंबून नाही, अशा दोन गोष्टी एकाच आकड्यावर येऊन ठेपतात.

वक्रता मधे येते ती सालोमोन बॉखनर यांच्या १९४६ च्या युक्तीने. हार्मोनिक फॉर्मसाठी एक समीकरण लिहिता येतं, ज्यात दोन पदांची सगळ्या अवकाशावरची बेरीज शून्य असते. एक पद फॉर्म जागोजाग किती बदलतो त्याचं, ते ऋण होऊच शकत नाही. दुसरं पद रिची वक्रतेचं. रिची वक्रता सगळीकडे धन असेल तर तेही धन, आणि दोन धनांची बेरीज शून्य तेव्हाच, जेव्हा फॉर्मच शून्य असतो. म्हणजे धन वक्रतेच्या बंद अवकाशात हार्मोनिक एक-फॉर्म टिकू शकत नाही, आणि म्हणून त्या जातीचं भोकही असू शकत नाही. सिद्धता अर्ध्या पानाची, पण भूमितीच्या निम्म्या शतकाला तिने काम पुरवलं. बॉखनर आणि केन्तारो यानो यांचं १९५३ चं छोटं पुस्तक जगभर वाचलं गेलं. यानोंच्या वळणाची भूमिती उत्तर प्रदेशात चांगलीच रुजली. लखनौ विद्यापीठाचे पुढे कुलगुरू झालेले रतन शंकर मिश्र हे तिच्यातलं मोठं नाव. या परंपरेने टेन्सरांची समीकरणं हौसेने आणि भरपूर सोडवली. विश्लेषणाशी तिने आणखी सलगी केली असती तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे. सिंह यांच्या विश्लेषणाचा वारसा त्याच विद्यापीठात होता, आणि हार्मोनिक मॅप हा विषय नेमका या दोन विद्यांच्या सांध्यावर उभा आहे.

ती सलगी मुंबईत झाली. विजय कुमार पाटोदी हे मध्य प्रदेशातल्या गुन्याचे. काशी हिंदू विद्यापीठातून एम. एस्सी. करून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. वक्र अवकाशावर फॉर्मांची उष्णता वाहू द्या. काळ वाढत गेला की सगळं विझतं, हार्मोनिक फॉर्म तेवढे उरतात. काळ शून्याच्या जवळ असतो तेव्हा उष्णतेला दूरचं काही दिसत नाही, तिला तिथल्या तिथली वक्रता तेवढी कळते. सम आणि विषम घाताच्या फॉर्मांची वजाबाकी मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहते. म्हणजे वक्रतेची बेरीज एका टोकाला, भोकांची मोजणी दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही समान. अडचण एकच होती: सुरुवातीच्या क्षणी असंख्य नको असलेली पदं फोफावतात. ती एकमेकांना आश्चर्यकारक रीतीने छेदत असावीत, असा अंदाज मकीन आणि सिंगर यांनी १९६७ साली केला. ती खरोखर छेदतात, हे पाटोदींनी १९७१ साली दाखवलं. पुढे ॲटिया आणि बॉट यांच्याबरोबर, मग ॲटिया आणि सिंगर यांच्याबरोबर त्यांनी केलेलं काम आज पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग आहे. डिसेंबर १९७६ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले, वयाच्या ३१ व्या वर्षी. या पुस्तकातलं फॉर्मांचं प्रकरण प्रमाणापेक्षा लांब झालं आहे ते पाटोदींमुळे, आणि ते कमी करायची माझी तयारी नव्हती.

मग येतात मॅप. इथे दोन वक्र अवकाश लागतात: एक जिथून निघायचं ते, दुसरं जिथे पोचायचं ते. जेम्स ईल्स यांनी दिलेलं चित्र आजही सर्वांत सोपं: पहिला अवकाश रबराचा, दुसरा संगमरवराचा. रबर संगमरवरावर ताणून चढवायचं आणि सोडून द्यायचं, पृष्ठभागावरून सरकायला मोकळीक, सुटून बाहेर पडायला नाही. प्रत्येक बिंदूपाशी ताण किती, त्याच्या वर्गाची सगळ्या रबरावरची बेरीज म्हणजे ऊर्जा. किंचित सरकवलं तरी ऊर्जेत पहिल्या पायरीचा फरक पडत नाही अशी स्थिती आली, की तो मॅप हार्मोनिक.

संगमरवराच्या जागी सरळ रेषा ठेवली तर हार्मोनिक फलनं परत मिळतात. रबराच्या जागी नुसता धागा ठेवला तर जिओडेसिक मिळतात, म्हणजे वक्र अवकाशातल्या सरळ वाटा. या वाटांवर आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी मूलगामी काम केलं आहे. हार्वर्डहून परतल्यावर ते काशीला, मग आंद्रे वेइल यांच्या बोलावण्यावरून अलीगडला आणि १९३३ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. ज्या वाटा कोणत्याही लांबीच्या हिशोबातून आलेल्या नाहीत, नुसत्या विकलन समीकरणांनी दिलेल्या आहेत, त्यांचीही भूमिती मांडता येते आणि शेजारच्या दोन वाटा एकमेकींपासून कशा दुरावतात हे वक्रतेसारख्या राशींनी सांगता येतं, हे त्यांनी दाखवलं. एली कार्तान यांनी त्यावर लगोलग लिहिलं, चर्न यांनी पुढे भर घातली, आणि आज तो सिद्धांत कोसंबी-कार्तान-चर्न या जोडनावाने ओळखला जातो. कोसंबी म्हटलं की मराठी माणसाला इतिहास आणि नाणी आठवतात. त्यांच्या भूमितीचं मराठीत अजून नीट स्वागत झालेलं नाही.

हार्मोनिक मॅपचा विषय म्हणून जन्म १९६४ सालचा, ईल्स आणि जोसेफ सॅम्पसन यांच्या निबंधात. त्यांनीही उष्णतेचाच आधार घेतला. कोणताही गुळगुळीत मॅप घ्या आणि ताण ज्या बाजूला खेचतो त्या बाजूला त्याला काळाबरोबर सरकू द्या. पोचण्याचा अवकाश बंद असेल आणि त्याची वक्रता कुठेही धन नसेल, तर हा प्रवाह कधी अडखळत नाही आणि शेवटी हार्मोनिक मॅपवर जाऊन थांबतो. कारण बॉखनरच्याच जातीच्या सूत्रात पोचण्याच्या अवकाशाची वक्रता उलट्या चिन्हाने येते, आणि ती ऋण असली की ऊर्जेला एका जागी साचू देत नाही. रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९८२ साली रिची प्रवाह मांडला तो या निबंधापासून स्फूर्ती घेऊन, आणि त्याच प्रवाहावर पेरेलमान यांनी पॉइन्कारेचा प्रश्न सोडवला. नरसिंहन आणि शेषाद्रि यांनी १९६५ साली मुंबईत सिद्ध केलेलं प्रमेयही पुढे डोनाल्डसन, कॉर्लेट, हिचिन आणि सिम्पसन यांच्या हातून हार्मोनिक मॅपच्या भाषेशी जोडलं गेलं. तो भाग या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहे.

वक्रता धन असली की काय होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ईल्स आणि जॉन वुड यांनी १९७६ साली दाखवलं की टोरस गोलावर एकदाच पुरेपूर गुंडाळणारा हार्मोनिक मॅप नाहीच. टोरसला कोणताही आकार द्या, गोलाला कोणताही द्या, नाही म्हणजे नाही. मग ऊर्जा कमी करत गेलं तर रबराचं होतं काय? सॅक्स आणि कॅरन उलेनबेक यांनी १९८१ साली उत्तर दिलं. ताण काही मोजक्या बिंदूंकडे गोळा होत जातो. त्या बिंदूपाशी भिंग वाढवत नेलं तर तिथे एक अख्खा गोल फुगलेला दिसतो, बुडबुडा. बाकीचं रबर सैल पडतं आणि ऊर्जेचा ठरलेला वाटा बुडबुडा घेऊन जातो, त्याहून कमी त्याला चालत नाही. चांग, डिंग आणि ये यांनी १९९२ साली दाखवलं की उष्णतेचा प्रवाह अशा वेळी मर्यादित काळातच फुटू शकतो. उलेनबेकना २०१९ चा आबेल पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हा बुडबुडा कळला की विषय कळला, असं मी वर्गात सांगत आलो आहे. ताण नाहीसा होत नाही. तो पसरतो की साचतो, आणि साचला तर कुठे, हे वक्रता ठरवते.

शेवटचं प्रकरण विलक्षणतांचं. घन गोळ्याच्या प्रत्येक बिंदूला केंद्रापासूनची त्याची दिशा जोडून द्या. हा मॅप केंद्राशिवाय सगळीकडे गुळगुळीत आहे, त्याची ऊर्जा मर्यादित आहे, आणि केंद्रावर त्याला किंमतच देता येत नाही. द्रव-स्फटिकांत असे दोष सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ऊर्जा सर्वांत कमी असलेल्या मॅपमध्ये, निघण्याचा अवकाश त्रिमितीय असेल तर, असे बिंदू सुटे सुटेच असतात, हे शोएन आणि उलेनबेक यांचं १९८२ चं प्रमेय. निघण्याचा अवकाश द्विमितीय असेल तर सौम्य अर्थाने हार्मोनिक असलेला मॅपही गुळगुळीतच निघतो, हे एलैं यांनी १९९१ मध्ये सिद्ध केलं. मिती तीनवर गेली आणि सर्वांत कमी ऊर्जेची अट काढून घेतली की मात्र बांध फुटतो. त्रिस्तान रिव्हिएर यांनी १९९५ साली त्रिमितीतून गोलावर जाणारा, सौम्य अर्थाने हार्मोनिक, पण एकाही बिंदूवर सलग नसलेला मॅप रचून दाखवला. ज्या समीकरणाने पुडीवर अपार गुळगुळीतपणा दिला होता, तेच समीकरण गोलाच्या वक्रतेपुढे इतकं हतबल होतं. अवधेश नारायण सिंह यांच्या पठडीतली माणसं हा निबंध वाचून खूश झाली असती.

वाचकासाठी थोडं व्यवहाराचं. पहिल्या दोन प्रकरणांना पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं विकलन, संकलन आणि थोडं रेषीय बीजगणित पुरतं. फॉर्मांच्या प्रकरणात भाषा बदलते आणि पहिल्या वाचनात ती जड जाईल. मराठीत रुळलेली संज्ञा असेल तिथे मी ती वापरली आहे, नसेल तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच ठेवला आहे. नवे शब्द पाडून वाचकाचा वेळ घेतलेला नाही. बॉखनरची युक्ती दोनदा येते, एकदा फॉर्मसाठी आणि एकदा मॅपसाठी. दोन्ही ठिकाणी चिन्हं स्वतः तपासा, कारण सगळा विषय त्या चिन्हांवर तोललेला आहे. फॉर्मांचं प्रकरण अडलं तर सोडून मॅपवर जायला हरकत नाही, मॅपनंतर ते सोपं वाटेल. टोरसवरचे दोन हार्मोनिक फॉर्म शोधण्याचं उदाहरण मात्र कागदावर सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका.